उभ्या मोटारीची चाल

रविवार, ६ फेब्रुवारी १९४९. कुंडलच्या शिवारातलं आबांचं गुऱ्हाळ, सकाळचे साडेनऊ. हजर: गुऱ्हाळाचे मालक आबा; शिदाप्पा गुळव्या, जतकडचा, दर हंगामाला गूळ उतरवायला इथं येणारा; माझा धाकटा भाऊ वसंत, सांगलीचा डॉक्टर; मी, त्याची थोरली बहीण, लहानथोर सगळ्यांची आक्का; चरकाचे चार बैल; आणि बांधावरच्या बाभळीखाली आमची जुनी मोटार. गैरहजर: हणमंत.

मोटारीचं इंजिन अजून चालू आहे. बंद करायचं वसंत विसरला आणि मीही अजून उठून आठवण केली नाही, कारण ऐकायला बरं वाटतंय. एकसारखी, संथ चाल. शांत झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तशी. चरकाची कुरकुर, काहिलीत उकळणाऱ्या रसाची भदभद आणि हा आवाज, तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेत. तीन वर्षांपूर्वी, अशाच माघात, हाच आवाज ऐकण्यासाठी आम्ही सगळ्यांनी कानांत प्राण आणले होते.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. हळदीचे एक व्यापारी उद्या सकाळी वसंताकडे येणार आहेत. त्यांच्या तीन लॉऱ्या आहेत. त्या दुरुस्तीसाठी कायमच्या हणमंतकडे द्याव्यात की नाही, हे ते वसंताला विचारणार. तीन लॉऱ्यांचं बांधलेलं काम मिळालं तर मिरज रस्त्यावरची हणमंतची शेड उभी राहिली म्हणायची. नाही मिळालं तर त्याला पुन्हा कोणाकडे तरी ड्रायव्हर म्हणून राहावं लागेल. आणि वसंत काय सांगणार ते मला आत्ताच ठाऊक आहे. तो म्हणेल, माणूस हुशार, प्रामाणिक, पण फार सावकाश. एका पॅकिंगला त्याला तीन आठवडे लागले. तो हे हसत सांगतो. गेली तीन वर्षं सांगतोय. दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, मागच्या महिन्यात तर गाडीत बसलेल्या रोग्यालासुद्धा सांगितलं.

गुऱ्हाळाच्या दिवसांना एक अंगभर चिकटणारा वास असतो. सांगलीहून इकडे यायला निघालं की पहिल्यांदा हळद शिजवल्याचा वास लागतो, कडवट आणि मातकट. मग नदीकाठचा ओला गारवा. आणि कुंडलच्या अलीकडे कुठंतरी, एखाद्या वळणावर, एकदम गोड वाफ अंगावर येते. पदराला, केसांना, वहीच्या पानांना तो वास चिकटतो. घरी गेल्यावर दोनदा धुतल्याशिवाय लुगड्यातून जात नाही. माझी माघातली वही मी डोळे मिटून ओळखीन.

त्या साली, म्हणजे सेहेचाळीसच्या जानेवारीत, हणमंत आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून आला. सातारच्या बाजूच्या एका गावचा. सहा वर्षं फौजेत मोटारी दुरुस्त करून, लढाई संपल्यावर सुटून आलेला. एक पत्र्याची ट्रंक, एक हिरवी सतरंजी, आणि मेणकापडात गुंडाळलेले पाने, स्क्रू-ड्रायव्हर, एक तेलाची कुपी. गावी दोन भाऊ शेती करत होते आणि त्या जमिनीत तिसऱ्याला पुरेल एवढं काही नव्हतं. बायको, गंगू, गावीच होती. सांगलीत खोली मिळाली की शिवरात्रीनंतर तुला घेऊन येतो, असं तो तिला सांगून आला होता. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी दवाखान्यामागची खोली दाखवली, चुन्याचा हात द्यायला हवा होता, तेवढं लिहून घेतलं.

मोटार त्याआधी दहा महिने शेडमध्ये पडून होती. जुना ड्रायव्हर सोडून गेला होता, पेट्रोल कुपनांवर, आणि वसंताला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. हणमंतनं ती तीन दिवसांत जागी केली. धावायला उत्तम. पण उभी राहिली की चाल बिघडायची. कधी धडधड वाढायची, कधी एकदम खाली जायची, दोन डचके आणि बंद. एखाद्या दिवशी मात्र तासभर उभी ठेवा, कुरकुर नाही. या लहरीचा काही पत्ता लागेना.

एरवी हे चाललं असतं. पण माघात त्या रस्त्यावर मोटारीला धावायला मिळतंच कुठं? पुढं उसाच्या गाड्यांची रांग. गाडीवान निवांत, बैल त्याहून निवांत. रांग थांबली की आमची मोटार थांबणार, थांबली की बंद पडणार. स्टार्टर चालत नव्हता, लढाईच्या दिवसांत नवी बॅटरी मिळायची नाही. मग हणमंतनं उतरायचं, पुढं जाऊन हँडल मारायचं, गाडीवानांनी मागं वळून सल्ले द्यायचे. एकानं तर, बैल जोडू का, असं अगदी मनापासून विचारलं. एकदा हँडलनं उलटा झटका दिला आणि हणमंतचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. पट्टी वसंतानंच बांधली, पण बांधता बांधता म्हणाला, की एका बाळंतिणीकडे आज आपण पाऊण तास उशिरा पोचलो. ती आणि मूल दोघंही सुखरूप होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. पण त्यानं निकाल देऊन टाकला. शिवरात्रीपर्यंत गाडी नीट उभी राहिली पाहिजे. नाहीतर विकून टाकायची आणि टांगा ठेवायचा. टांग्याला हणमंतचं काय काम?

 त्या संध्याकाळी खोलीच्या भिंतीला हणमंत चुन्याचा दुसरा हात देत होता. मी म्हटलं, आता थांबलास तरी चालेल. तो म्हणाला, एका हातानं भिंत डागाळलेली दिसते.

त्याची कामाची रीत मला फार आवडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची, मगच दुसरी. आमच्या घरात ही शिस्त पाळणारी मी एकटीच होते, तोवर. आधी प्लग काढून घासले. दोन दिवस बघितलं. मग पॉइंट साफ केले. मग टाकीतलं सगळं पेट्रोल काढून, त्यात पाणी आहे का बघून, चारपदरी धोतरातून गाळून परत भरलं. कार्बोरेटर जागेवरच, वरून उघडला, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं ते पितळी भांडं, आणि त्याची बारीक भोकं तोंडानं फुंकून साफ केली. मला बोलावून दाखवलं. स्वच्छ घासलेल्या समईसारखं चकचकत होतं. चालू गाडीत लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक प्लग बंद करून तो कान लावून ऐकायचा. वसंत रोग्याच्या पाठीवर बोटं ठोकून ऐकतो, अगदी तसंच.

शेवटी सांधे. कार्बोरेटर इंजिनाला जिथं बसवतात तिथं मध्ये जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग असतं. ते फाटलं तर नको तिथून हवा आत शिरते आणि उभ्या गाडीची चाल बिघडते. हणमंतनं भर दुपारी, अंगणात, कुपीतून सांध्याभोवती तेलाचे थेंब सोडले. हवा शिरत असेल तर तेल आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. आवाज काही बदलला नाही. सांध्याभोवती काळपट, टणक असा थर होता. फौजेत लाख लावून सांधे बंद करतात, तसलंच काही असावं असं धरून तो पुढं गेला. मी तपासायच्या यादीतलं "सांधे" खोडलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्यांनी बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. वसंताचं मत, पेट्रोलच भेसळीचं. आणि इथं कुंडलला शिदाप्पा. हा माणूस काहिलीतल्या रसाच्या आवाजावरून गूळ कधी उतरवायचा ते सांगतो. भदभद मोठी असते तोवर नाही, मग ती दाट, आखूड होत जाते, मग एक क्षण येतो आणि तो बोट पाण्यात बुडवून गुळाची गोळी करून बघतो. त्यानं मोटारीसमोर मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "रस कच्चा हाय बग ह्येचा. आनिक थोडा जाळ लाव." हणमंत त्यावर हसला, पण मला पुढं कितीतरी दिवस वाटत होतं की शिदाप्पाचा कान काही तरी बरोबर सांगत होता.

मी माझ्या परीनं तक्ता केला होता. वार, वेळ, गाडी कुठं उभी होती, किती वेळ, कशी चालली, हवा कशी होती. दोन आठवड्यांचा तक्ता पाहिल्यावर एवढं उघड झालं की सकाळी, नदीकाठी आणि गुऱ्हाळावर ती बिघडते. दुपारी, बाजारात, अंगणात ठीक असते. म्हणजे ओल. हणमंतनं लगेच प्लगच्या तारा बदलल्या, टोप्या पुसून कोरड्या केल्या. फरक शून्य. शिवरात्र आठ दिवसांवर आली.

मला त्या सकाळचं सगळं आठवतं. याच बांधावर मी बसले होते. कोवळं ऊन, गुडघ्यापर्यंत धुकं, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडांचा तडतडाट. आबांनी उसाचं कांडकं सोलून हातात दिलेलं. वसंत गावात रोगी बघायला पायी गेलेला. मोटार आचके देऊन तिसऱ्यांदा बंद पडली होती आणि हणमंत चाकाला टेकून खाली बसला होता. त्यानं गंगूला पत्र लिहिलं होतं, अजून टाकलं नव्हतं. खिशातून त्याचं टोक दिसत होतं. येऊ नको असं लिहिलंय, म्हणाला.

मग त्यानं मला तक्ता पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. तो म्हणाला, "आक्का, ज्या दिशी गाडी बिगडली, त्या दिशी आनखी काय झालं? गाडीचं नगं. घरचं, दारचं, कायबी."

माझ्या पिशवीत घरची वही होती. तिच्यात गाडीचं काही नसतं. असतं ते दूध, धोबी, उंदीर, पाहुणे. मी तारखा लावून वाचायला लागले. सोमवार, विरजण बिघडलं. बुधवार, धोब्यानं एक पंचा कमी दिला. बॉनेटखाली मुंग्या, रॉकेलचा बोळा फिरवला. शनिवार, पाहुणे चार. बॉनेटखाली पुन्हा मुंग्या, पुन्हा बोळा.

"थांबा," तो म्हणाला. "मुंग्या?"

गुळाच्या दिवसांत मुंग्यांचं कोणी काही वाटून घेत नाही. डब्यात, फळीवर, देव्हाऱ्यात, कुठंही असतात. मी तरी मोटारीतल्या मुंग्या मोटारीच्या वहीत कशाला लिहू? ते झाडलोटीचं काम. पण बुधवार आणि शनिवार दोन्ही बिघाडाचे दिवस होते. मागं गेलो तर आणखी दोन सापडले.

हणमंत उठला. म्हणाला, पेट्रोलच्या वासानं माशी फिरकत नाही, मग मुंगी कशाला जाते? त्यानं बॉनेट उघडलं. चाकावरून, आसावरून, इंजिनाच्या कडेनं एक बारीक काळी रेघ वर चढत होती आणि थेट कार्बोरेटरखालच्या सांध्यापाशी संपत होती. त्यानं त्या थरावर बोट दाबलं. दुपारी दगडासारखा लागणारा तो थर आता मऊ होता, बोटाला चिकटला. कार्बोरेटर थंड पडून त्याला घाम सुटला होता आणि त्यात तो विरघळत होता. हणमंतनं बोट हुंगलं. मग जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघत राहिला.

आणि मला आठवलं.

आदल्या वर्षीचा माघ. हेच गुऱ्हाळ. जुन्या ड्रायव्हरनं काही कारणानं कार्बोरेटर काढला आणि ते पॅकिंग त्याच्या हातात फाटून आलं. नवं मिळणार कुठं? शिदाप्पा तेव्हा रसाच्या हौदाची भेग बुजवत होता, चुन्यात थोडा गूळ घालून. मी म्हटलं, तेच लावू. शिदाप्पा म्हणाला होता, चुना जास्त, गूळ बेतानं. पण कालवायला मी बसले. गुळाच्या बाबतीत हात आखडता घ्यायची आमच्याकडे कोणाला सवय नाही. पुरणाला घालते तसा सढळ हातानं घातला. सांध्यावर लिंपला, उन्हात वाळवला. गाडी गाणं म्हणत सांगलीला आली. मी वहीत "पॅकिंग" लिहून बरोबरची खूण केली, आणि ज्याच्यापुढं ती खूण होते ते माझ्या डोक्यातून जातं. आठवड्यानं ड्रायव्हर सोडून गेला, गाडी शेडमध्ये गेली. हणमंत आल्यावर त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, पूर्वीची काही दुरुस्ती? मी त्याला राहिलेल्या कामांची यादी वाचून दाखवली. झालेल्या कामांची नाही. वसंत तर त्या दिवशी गावात रोग्यापाशी होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"हणमंत," मी म्हटलं, "तो गूळ माझा आहे."

सगळं सांगितलं.  त्याचे खांदे हलायला लागले, मग मडगार्ड धरून तो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईतो.

"आवं आक्का, सा वर्सं मिल्ट्रीत काढली. मिसरात कारबुरेटरमदी रेती बगितली, उंटाचं केस बगितलं. गूळ काय बगितला न्हवता गड्या."

मला गड्या म्हणाला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. शिदाप्पा आला, बघून गेला, आणि चव घेऊन एवढंच म्हणाला की चुना कमी पडला.

पॅकिंग तिथंच झालं. तक्त्याच्या वहीचा मागचा जाड पुठ्ठा हणमंतनं मागून घेतला, कार्बोरेटरची कड त्यावर दाबून ठसा उठवला, कात्रीनं कापला, तेलात भिजवला, सांधा रॉकेलनं घासून बसवला. हँडल मारलं. गाडी चालू झाली आणि उभी राहिली. पाच मिनिटं. दहा. काहिलीची सगळी वाफ वाऱ्यानं तिच्यावर येत होती, तरी ती तशीच. आबांनी बैल थांबवले. हणमंतनं रेडिएटरच्या टोपीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. पाण्यावर नुसता शहारा उठत होता, बाहेर एक थेंब आला नाही. त्यानं खिशातलं पत्र काढलं आणि चुलवाणात टाकलं.

वसंत गावातून परत येताना लांब दिसला तेव्हा हणमंत हळूच म्हणाला, "डॉक्टरास्नी म्या सांगतो, पॅकिंग गेलं हुतं. खोटं काय न्हाई त्यात. तुमी कशाला मदी येताय?"

मी मान हलवली. नाही म्हणून नाही, बरं म्हणून.

शिवरात्रीनंतर चार दिवसांनी गंगू आली. दोन बोचकी आणि एक कोंबडी घेऊन. खोलीच्या पांढऱ्या भिंतीला तिनं हात लावून बघितला, कोणी दिला चुना म्हणून विचारलं, आणि हणमंतनं दिला म्हटल्यावर तिला खरं वाटेना. पुढं हणमंतनं वसंताला गाडी शिकवली. दोन वर्षांनी शेड घातली. त्यांची मुलगी आता चालायला लागली आहे आणि शेडमधल्या प्रत्येक गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवते.

मी मात्र त्या "बरं" वर तीन वर्षं बसून आहे. घरात विसरण्यावरून मी वसंताला बोलते, मोलकरणीला बोलते, दुधवाल्याला बोलते. माझ्याकडून काही राहत नाही, अशी माझी ख्याती, आणि मला ती प्यारी आहे, हे कबूल करायला हवं. वसंत पंगतीत तीन आठवड्यांची गोष्ट सांगतो तेव्हा मी वाढत असते. एकदा हणमंत त्याच पंगतीत होता. हसला, आणि भात मागितला. त्या दिवशी सांगायला हवं होतं. कोशिंबीर राहिली होती, तेवढंच निमित्त झालं.

खरं तर तीन आठवडे त्याला लागले यात सावकाशपणा कुठं आहे? जो बिघाड दुपारी लपतो आणि सकाळी येतो, जो कोणत्याही मोटारीत कधी नसतो, तो त्यानं शोधला, तो सुद्धा जी बाई दडवून बसली होती तिच्याच वहीतून. दडवलं नव्हतं, विसरले होते. पण गाडीपुढं हँडल मारताना अंगठा सुजलेल्या माणसाला त्यात काय फरक? त्या व्यापाऱ्यांनी नेमकं हेच ऐकायला हवं. वसंतानं सांगितलं तर ते ऐकतील. वसंतानं सांगण्यासाठी आधी त्याला कळायला हवं.

पहिलं वाक्य मी ठरवलं आहे: वसंता, ते तीन आठवडे हणमंतचे नव्हते, माझे होते. मग बाकीचं आपोआप येईल. सकाळी गाडीत सांगायचं होतं, पण पुलावर ऊसगाड्यांची गर्दी होती आणि त्याचं लक्ष चाकावर असलेलं बरं. इथं पोचल्यावर आबा त्याला नवा बैल दाखवायला घेऊन गेले. बैल बघून झाला असावा. विहिरीच्या बाजूनं तो एकटाच येताना दिसतोय, धोतराचा सोगा हातात धरून, मजेत.

सांगायचं अजून राहिलं आहे.